आधी ओटा मोजा, मग पाकीट ठरवा: तुरीच्या दाळीचा नवा माल आणि आपली तयारी



तूर काढणीला आली आहे. महिनाभरापासून ग्रुपवर एकच विषय चालू आहे. "मॉलमध्ये दाळीचा भाव बघा अन् मोंढ्यावर तुरीचा भाव बघा. आपण कच्ची तूर कशाला घालायलोत? कंपनीचं एक किलोचं पाकीट काढा." बरोबर आहे. संचालक मंडळासमोर तसा प्रस्तावही आला आहे. बैठकीत हात वर करण्याआधी प्रत्येकाला हिशेब कळावा म्हणून आजचा हा पाठ. मेसेज मोठा आहे. रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा, वही-पेन जवळ ठेवा. आकडे आम्ही सोपे धरले आहेत, तुमचे आकडे घालून बघितले तर अजून चांगलं.

नवा माल काढायचा म्हटलं की आपलं लक्ष आधी पाकिटाकडे जातं. नाव काय, रंग कोणता, फोटो कुणाचा. खरं तर पाकीट सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: आपलं यंत्र काय करू शकतं, आपल्या कट्ट्यांत काय माल येतो, आणि तयार माल कोणत्या रस्त्यानं कधी पोहोचतो. या तिन्हीला झेपेल असाच माल ठरवायचा. उलटं केलं तर पाकीट छान निघतं आणि कंपनी अडकते.

*तूर सोपी नाही*

हरभऱ्याचं टरफल लवकर सुटतं. तुरीचं तसं नाही. टरफल आणि दाळीच्या मध्ये डिंकासारखा थर असतो, तो दाळीला घट्ट धरून ठेवतो. म्हणून मिलवर तूर आणली आणि लगेच दाळ झाली असं होत नाही. आधी चाळणी-प्रतवारी. मग खरखरीत रोलरमधून काढून दाण्याला ओरखडे पाडायचे. मग थोडं खाद्यतेल लावून रात्रभर ढीग करून ठेवायचं, म्हणजे तेल ओरखड्यातून आत मुरतं. मग ओट्यावर उन्हात वाळवण, गरजेप्रमाणे पाण्याचा हात, पुन्हा ऊन. तेव्हा कुठं टरफल सैल होतं आणि दाळ फुटते. घरी जात्यावर दाळ करणाऱ्या आपल्या आज्यांना हे पाठ होतं, म्हणून त्या तूर भिजवून, वाळवून मगच भरडायच्या.

तुरीच्या दाण्यात टरफल आणि अंकुराचा भाग सोडला तर जास्तीत जास्त ८५ टक्क्यांच्या आसपास दाळ असते. प्रत्यक्षात मिलमध्ये ७० ते ७५ टक्के हातात येते. बाकीचं खंडा, चुनी आणि टरफल. चुनी जनावराच्या खाद्याला जाते, खंडा कमी भावात विकतो, म्हणजे वाया काही जात नाही. पण पैसा दाळीतच आहे.

*यंत्रापेक्षा ओटा छोटा*

आता वही काढा. समजा आपली मिनी दाळ मिल तासाला सव्वा क्विंटल तूर काढते. आठ तास चालली तर दिवसाला १० क्विंटल. बैठकीत सगळे हाच आकडा धरतात. दिवसाला दहा, महिन्याला अडीचशे, वर्षाला तीन हजार क्विंटल!

पण तूर मिलमध्ये जाण्याआधी ओट्यावर तीन दिवस पडून असते. दहा फूट बाय दहा फूट जागेत एक इंच थर दिला तर साधारण १८० किलो तूर बसते. रोज १० क्विंटल टाकायची आणि प्रत्येक घाण तीन दिवस ठेवायची, म्हणजे ओट्यावर एका वेळी ३० क्विंटल. त्याला लागतात जवळपास १,६७० चौरस फूट. आपला ओटा १,२०० चौरस फुटांचा धरा. त्यावर २१-२२ क्विंटलच मावते. म्हणजे रोज फार तर ७ क्विंटल. मिल दहाची असली तरी कंपनी सातची आहे. मोठी मिल आणायची म्हणून कर्ज काढलं असतं तरी दाळ सातच्याच हिशेबानं निघाली असती, कारण अडकलंय ते ओट्यावर.

थर जाड करू म्हणाल तर खालची तूर वाळत नाही, सारखं पालथं करावं लागतं, माणूस वाढतो. करून बघायला हरकत नाही, पण हिशेबात धरू नका.

आणि ओटा चालतो तो उन्हावर. नवी तूर यायला लागल्यापासून, म्हणजे साधारण १५ जानेवारीपासून मे अखेरपर्यंत १३५ दिवस. त्यातले सण, लाइट नसलेले दिवस, ढगाळ दिवस आणि अवकाळी काढा. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आपण कुणीच विसरलेलो नाही. हाती ११० दिवस धरू. ११० दिवस, रोज ७ क्विंटल, म्हणजे ७७० क्विंटल तूर. ७२ टक्क्यांनी साडेपाचशे क्विंटल दाळ. ही आपली वर्षाची खरी ताकद. मिरग निघाला की ओटा बंद.

आता बघा, नवा माल काय असावा हे या एका आकड्यानं बरंचसं ठरवून टाकलं.

*एक किलोचं पाकीट, बारा महिने*

दुकानदाराला किंवा मॉलवाल्याला माल बारा महिने लागतो. एकदा फळीवरची जागा रिकामी दिसली की तिथं दुसऱ्याचं पाकीट येतं. आपल्याला तर पावसाळ्यात दाळ काढताच येत नाही. म्हणजे मेपर्यंत सगळी दाळ काढून ठेवायची आणि डिसेंबरपर्यंत थोडी थोडी विकायची. साठवणं जमेल. अख्ख्या तुरीला भुंगा लागतो तितका टरफल काढलेल्या दाळीला लागत नाही, कारण भुंगा अंडी घालतो ती टरफलावर. तूर ठेवण्यापेक्षा दाळ करून ठेवणं चांगलंच. कोरडी जागा आणि हवाबंद पिशव्या तेवढ्या लागतील.

अडचण पैशाची आहे. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. ७७० क्विंटलचे झाले ६१ लाख ६० हजार. सभासदाला पैसे आठवड्यात पाहिजेत, ते बरोबरच आहे. दुकानदार मात्र उधारीवर नेतो. समजा त्यातले ५० लाख सरासरी सहा महिने अडकले आणि व्याज १२ टक्के धरलं, तर ३ लाख रुपये व्याज. ५५,००० किलो दाळीवर वाटलं तर किलोला साडेपाच रुपये नुसते वाट बघण्याचे.

पॅकिंगचंही बघा. ५५,००० किलो म्हणजे ५५,००० पाकिटं. दोन महिला सभासद वजन-सीलिंग करून दिवसाला ४०० पाकिटं भरतील असं धरलं तर १३७ दिवस. पाच किलोची पिशवी केली तर ११,००० पिशव्या. दिवसाला २०० भरल्या तरी ५५ दिवसांत काम उरकतं. शिवाय छापील पाकीट करणारे हजारोंची ऑर्डर मागतात, प्रत्येक रंगाच्या छपाईचा सिलिंडर वेगळा. पुढच्या वर्षी नाव किंवा पत्ता बदलला तर सगळी पाकिटं रद्दीत.

*मग आपल्याला झेपणारा माल कोणता?*

आपल्याकडे, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांकडेही, उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची रीत अजून आहे. मार्च ते मे. गहू, ज्वारी, दाळ आणायची, ऊन द्यायचं, दाळीला एरंडेलाचा हात लावायचा, डबे भरायचे. शहरात ही रीत कमी झालीय हे खरं, पण संपलेली नाही.

आपला ओटा चालतो ते महिने आणि लोक वर्षाची दाळ भरतात ते महिने एकच आहेत! म्हणून एक किलोच्या पाकिटाऐवजी *वर्षाची दाळ, ५ आणि १० किलोच्या पिशवीत, मिरगाच्या आत घरपोच* असा माल आपल्याला बसतो. दाळ निघाली की पंधरा-वीस दिवसांत घरी जाते. गोदाम कमी, व्याज कमी, पॅकिंग कमी. पैसे ऑर्डरच्या वेळी अर्धे, पोच झाल्यावर अर्धे.

एका कुटुंबाला वर्षाला २५ किलो धरली तर साडेपाचशे क्विंटलला २,२०० कुटुंबं लागतील. पहिल्या वर्षी एवढं अंगावर घेऊ नये असं आमचं मत आहे. १०० क्विंटल दाळ करू. त्याला १४० क्विंटल तूर, ओट्याचे २० दिवस, खरेदीला ११ लाख २० हजार आणि ४०० कुटुंबं. हे आवाक्यातलं आहे. बाकीची तूर यंदा नेहमीसारखी हमीभाव केंद्रावर किंवा मोंढ्यावर, जिथं भाव मिळेल तिथं.

पोचवायचं कसं? एका छोट्या टेम्पोत दोन टन माल बसतो, म्हणजे ८० कुटुंबांचा. एकेक पत्ता हिंडत बसलं तर भाडं दाळीला खाऊन टाकतं. म्हणून ऑर्डर सोसायटीवार, वस्तीवार गोळा करायची. आपल्या प्रत्येक गावची पंधरा-वीस पोरं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला नोकरीला आहेत. त्यांच्या सोसायटीत पंधरा घरं मिळाली तरी टेम्पोचा एक थांबा होतो.

*चकाकी आपली नाही, आणि नसली तरी चालेल*

लातूरच्या मोठ्या मिलची फटका दाळ तुम्ही बघितली असेल. कडा गोल, दाणा एकसारखा, चमक. त्यासाठी पॉलिशची यंत्रं लागतात आणि रंगावरून दाणा वेगळा करणारं सॉर्टेक्स लागतं. आपल्याकडे दोन्ही नाहीत. आपण फटका दाळीशी बरोबरी करायला गेलो तर पहिल्या नमुन्यातच मागं पडू. ग्राहक दोन्ही दाळी शेजारी ठेवून बघेल आणि आपल्या दाळीतला काळसर ठिपका दाखवील.

म्हणून माल असा सांगायचा: *बिनपॉलिशची दाळ, कुठं कुठं टरफलाचा अंश राहील.* पिशवीवरच लिहायचं. ज्याला अशी दाळ पाहिजे तो तीच शोधतो, आणि ज्याला चमक पाहिजे त्यानं आपली घेऊच नये. यंत्राची मर्यादा लपवून माल विकला की तक्रार येते, तीच आधी सांगितली की ती मालाची ओळख होते. उद्या सॉर्टेक्सची गरज वाटली तर लातूर एमआयडीसीतल्या मिलकडून मजुरीवर करून घेता येईल. पण त्यात नेण्या-आणण्याचं भाडं आणि त्यांच्या सवडीनं थांबणं आलं. पहिल्या वर्षी नको.

नमुन्याबद्दल एक गोष्ट. नमुना पाठवायचा म्हटलं की घरचे दोन दिवस बसून निवडून, पाखडून दोन किलो दाळ काढतात. ग्राहक खूश होतो, आणि मग पहिला टेम्पो गेला की फोन येतो, "ही ती दाळ नाही." नमुना नेहमी चालू घाणीच्या मधल्या कट्ट्यातून काढायचा, हात न लावता. त्या नमुन्याला नाही म्हणाले तर बरंच, एक टेम्पो वाचला.

*सगळ्यात मोठा घोळ: मिसळ*

हा भाग तुमच्या हातातला आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या गावांत एकाच वेळी चार-पाच वाण असतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन-७११ पांढरा, बीडीएन-७१६ लाल, नवीन गोदावरी म्हणजे बीडीएन-२०१३-४१ पांढरा. जुना बीएसएमआर-७३६ लाल, बीएसएमआर-८५३ पांढरा. काहींकडे मारुती, काहींकडे घरचंच जुनं बी. ७११ लवकर येते, ७३६ सगळ्यात मागून. प्रत्येकाचा दाणा वेगळ्या आकाराचा, टरफलाची पकड वेगळी, शिजायला लागणारा वेळही थोडा वेगळा.

मिलचा रोलर एका मापाला लावलेला असतो. मिसळ तूर आत गेली की बारीक दाणा तसाच गोटा बाहेर पडतो आणि मोठा दाणा फुटून खंडा होतो. गोटा पुन्हा काढावा लागतो, दुसऱ्या फेरीत चांगली दाळही घासली जाते. म्हणजे ७२ ची ६८ व्हायला वेळ लागत नाही. पैशात बघा: ८,००० च्या तुरीला ७२ टक्के उतारा पडला तर किलोभर दाळीत १११ रुपयांची तूर गेली. ६८ पडला तर ११७ रुपये ६० पैशांची. मजुरी, भाडं अजून धरलेलंच नाही, नुसत्या मिसळीनं किलोला साडेसहा रुपये गेले. खंडा-चुनी जास्त निघते त्याचे थोडे परत येतात, पण थोडेच.

घरात काय होतं ते वेगळंच. कुकरमध्ये अर्धी दाळ मऊ आणि अर्धी टच. बाई पुढच्या वर्षी फोन करत नाही. तक्रारही करत नाही, नुसता फोन येत नाही.

म्हणून नवा माल ठरतो तो मिलमध्ये नाही, तुमच्या बांधावर. यंदाच्या १४० क्विंटलसाठी एकच वाण घ्यायचा, शक्य तितक्या जवळच्या दोन-तीन गावांतून. कोणता वाण, ते तुमच्याकडून येणाऱ्या यादीवरून ठरेल. ज्याची पेर जास्त, तो.

मळणीबद्दल: ताडपत्री अंथरूनच करा. मातीच्या खळ्यावरचा तुरीएवढा खडा चाळणीतून जात नाही आणि वरही राहत नाही, तो दाण्याबरोबर चालत जातो. दात लागलेला ग्राहक परत येत नाही. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले की तूर तिथंच फुटते, आणि फुटलेल्या तुरीवर भुंगा लवकर बसतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. सरकारी खरेदीलाही हीच अट आहे, आणि काडीकचरा २ टक्क्यांच्या आत. ओल्या तुरीत तेल मुरत नाही, ती ओट्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पडून राहते. वरचा हिशेब बघा, तीनचे चार दिवस झाले की रोजची ७ क्विंटल सव्वापाचवर येते. म्हणजे एकाच्या ओल्या तुरीनं दुसऱ्याची रांग लांबते.

*हे आपल्यालाच सुचलंय असं नाही*

सोयाबीन आठवा. आज नांदेड-लातूरचं शिवार त्यानं भरलंय. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर त्यावर काम सुरू केलं, तेव्हा मनात होतं ते प्रथिनांचं अन्न. सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, म्हणजे दाळीहून कितीतरी जास्त. पण आपल्या स्वयंपाकघरात ते दाळ म्हणून बसलं नाही. वास येतो, दाळीसारखं घोटलं जात नाही, आणि नीट उष्णता दिल्याशिवाय पचायला जड. ते पसरलं ते तेलाच्या कारखान्यांमुळे. त्यांच्याकडे यंत्र होतं, रेल्वे होती, तेलाला देशात गिऱ्हाईक होतं आणि पेंडीला परदेशात. माल तोच, पण वाट सापडली ती यंत्र आणि बाजार तयार होता तिथं. म्हणूनच मोंढ्यावर आजही तुमच्या सोयाबीनची ओल, माती आणि डाग बघतात, वाण कुणी विचारत नाही. तेल काढायचं असेल तर मिसळ चालते. उद्या कुणी सोयादूध-पनीरचा प्रकल्प घेऊन आला तर आधी विचारा: वेगळं बी कोण देणार, वेगळी मळणी, वेगळा बारदाना कोण करणार? इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं खाण्यासाठी म्हणून एनआरसी-१२७ आणि एनआरसी-१४२ असे वाण काढले आहेत. त्यांचा उपयोग व्हायचा तर ते शेतापासून यंत्रापर्यंत वेगळे राहिले पाहिजेत.

अमूलचं उदाहरण याच्या जवळचं. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध द्यायच्या आणि मुंबईला तेवढं खपायचं नाही. मग त्या जादा दुधाला झेपेल असा माल बघितला: लोणी आणि पावडर. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी जाणकार म्हणायचे. आणंदच्या एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये कारखाना सुरू झाला. दूध कधी आणि किती येतं यावरून माल ठरला.

उलटंही होतं, ते नाकारून चालणार नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांनी आधी युरोपचा बाजार धरला आणि त्यासाठी सगळी साखळी बदलली. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभं राहिलं, माल थंड करायच्या खोल्या आल्या, फवारणीच्या नोंदी आल्या, २००६ पासून अपेडाच्या ग्रेपनेटवर प्रत्येक बागेची नोंद. तरी २०१० मध्ये एका संजीवकाच्या अंशावरून युरोपात माल अडकला आणि शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. बाजारासाठी साखळी बदलता येते, पण त्याला वर्षं लागतात, भांडवल लागतं आणि एका दुव्यावर सगळं अडकू शकतं. आपण अजून तिथं नाही.

*हळदवाल्या सभासदांसाठी*

अर्धापूर-मुदखेडकडच्या काहींचा आग्रह आहे की हळद पावडरही लगेच काढा. थोडं थांबा. पावडरीत ओलावा १० टक्क्यांच्या आत लागतो, अख्ख्या हळकुंडाला १२ चालतो. शिजवण, वाळवण सगळ्यांचं सारखं नाही. दळताना यंत्र तापलं की हळदीचं तेल आणि वास उडतो. आणि हळदीचा वाळवणाचा काळ नेमका तुरीच्या ओट्याच्या काळातच येतो. एका ओट्यावर दोन माल नकोत. हळदीचा वेगळा पाठ पाठवू.

*नाव, लेबल, कर*

काही जण म्हणायलेत, पिशवीवर "बोरसुरी" लिहा. बोरसुरी तूर दाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, लातूर जिल्ह्याची ती शान आहे. पण ते नाव त्या भागात पिकलेल्या मालालाच आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यालाच लावता येतं. इतरांनी लावलं तर कायद्यात सापडू, आणि निलंग्याकडच्या आपल्याच भावांचं नुकसान करू.

लेबलवर एफएसएसएआय परवाना क्रमांक, कंपनीचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, एमआरपी, किलोचा दर, लॉट नंबर, तक्रारीसाठी फोन. साधी पिशवी आणि स्टिकर बरं, लॉटप्रमाणे बदलता येतं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या दाळीवर ५ टक्के जीएसटी आला. आताचा नियम सीएंना विचारून मंडळ दर ठरवेल, तुम्ही कुणाला आत्ताच भाव कबूल करू नका.

*आता तुम्ही काय करायचं*

पुढच्या रविवारपर्यंत याच नंबरवर एवढं पाठवा: नाव, गाव, तुरीचा वाण (बियाण्याच्या पिशवीचा फोटो असेल तर उत्तम), एकर, अंदाजे किती क्विंटल होईल, मळणी कधी. वाण माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहा, अंदाजानं नाव टाकू नका. टाइप करायचं नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल.

कट्टे भरताना दोन वाणांची तूर एका कट्ट्यात नको. प्रत्येक कट्ट्यात वाण आणि गावाची चिठ्ठी टाका, आणि बाहेरून सुतळीला दुसरी बांधा, कारण आतली चिठ्ठी रास ओतल्याशिवाय दिसत नाही.

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला मुलगा, जावई, भाचा कुणी असेल तर त्याला विचारा, सोसायटीतली किती घरं उन्हाळ्यात वर्षाची दाळ घेतात आणि किती किलो. नुसता आकडा पाठवा, ऑर्डर आत्ता घेऊ नका.

ओलावा मोजायचं यंत्र संकलन केंद्रावर सकाळी ९ ते ११ चालू आहे. मूठभर तूर डब्यात झाकून आणली तरी चालेल, उघड्या पिशवीत आणली तर आकडा चुकतो.